डाव्या हाताचा गृहपाठ

वर्गात बाईंनी चिमीच्या आईसमोर दोन वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. एक वही घरची, गृहपाठाची. दुसरी तिने कधी पाहिलीच नव्हती. आठ वर्षांची चिमी बाहेर पायरीवर पाय हलवत बसली होती.

घरच्या वहीतलं अक्षर चिमीचं नव्हतं. आईचं होतं, डाव्या हाताचं.

वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी सगळ्या पालकांना बजावलं होतं, रोज सहा ते साडेसहा मुलांना एका जागी बसवा, त्यांचं त्यांना लिहू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. सगळ्यांत जोरात मान हिने डोलावली होती. दोन दिवस बसलीही. तिसऱ्या दिवशी पँट आखूड करून न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळलेलं, मशीनशेजारी कपड्यांचा ढीग, आणि चिमी एकच अक्षर चौथ्यांदा खोडून काढतेय. आईने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. आजच्या दिवस, म्हणाली. त्या आजच्या दिवसाला आता पाच महिने झाले होते.

कामात मात्र तिने कसर ठेवली नव्हती. अक्षर पोरीचं वाटावं म्हणून डावा हात. संशय नको म्हणून अधूनमधून एखादी चूक, तीही बेताने, शिवताना कडेला जादा कापडाची माया सोडावी तशी. चिमी शेजारी बसून टकामका बघायची. कधीकधी आईच्या पाठीवरून हात फिरवायची. दमलेय हे कळतं पोरीला, असं आईला वाटायचं.

"टेबल डुगडुगतं हो आमचं," आई घाईने म्हणाली. "म्हणून घरी तिचं अक्षर जरा..."

 बाईंनी दुसरी वही पुढे सरकवली. टपोरं, नेटकं अक्षर, पानामागून पान. चिमी रोज घंटेच्या अर्धा तास आधी येते, बाकावर बसून सगळा गृहपाठ एकटी करते, कुणी सांगावं लागत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग घरच्या वहीत एका ओळीखाली बोट ठेवलं. सात आठे चोपन्न. पान उलटलं. पुन्हा सात आठे चोपन्न. आणखी चार ठिकाणी तेच.

आईने दोन्ही वह्यांकडे पाहिलं. तिचे कान तापले. बाकीच्या चुका तिने मुद्दाम केल्या होत्या. ही नव्हती. तिची स्वतःची शाळा सुटली तेव्हा ती चिमीएवढीच होती, आणि पुढे सगळा हिशेब मापाच्या टेपवरच भागला होता.

"चुकलं माझं, बाई," ती खाली बघत म्हणाली. "तिला काही बोलू नका. उद्यापासून मी त्या वहीला हात लावणार नाही."

"अहो, तसं करू नका. तीच तर भीती आहे तिला." बाईंनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "तुम्हाला बोलवा म्हणून आठवडाभर ती माझ्या मागे लागलीय. म्हणाली, सात आठे छप्पन्न हे आईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला लाज वाटेल आणि ती अभ्यास सोडून देईल. आत्ता कुठे तिला रोज बसायची सवय लागतेय."