न सांगितलेला पत्ता

"पत्ता सांगा, मॅडम. नुसत्या गोष्टी नकोत," फ्रँकलिन डिमेलो माइकवर म्हणाला, आणि मार्कहॅमच्या त्या कम्युनिटी हॉलमधल्या दीडशे माना कादंबरी सबनीसकडे वळल्या.

स्टेजवर चार खुर्च्या होत्या. तीन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना गादीच्या, कादंबरीला कडेची फोल्डिंगची. टेनंट्स फर्स्ट पार्टी हे तिच्या भाडेकरूंसाठीच्या पक्षाचं नाव बऱ्याच जणांनी आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. खासदारकीची निवडणूक सहा दिवसांवर आली होती, आणि फ्रँकलिनच्या वाहिनीने महिनाभरात तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आजच्या डिबेटचंही बोलावणं नव्हतं. तिची मॅनेजर रश्मी वाहिनीच्या दारात तीन दिवस बोर्ड धरून उभी राहिली, तेव्हा कुठे ती खुर्ची मिळाली.

मेकअपच्या खोलीतच फ्रँकलिनने तिला मराठीत सुनावलं होतं. तो मूळचा वसईचा, ती ठाण्याची; दोघंही आता या परदेशाचे नागरिक.

"आपली बाई म्हणून गोड बोलेन, असं समजू नका. हौशी उमेदवारांचा मला तिटकारा आहे."

"आणि मला घाबरट पत्रकारांचा," ती म्हणाली होती.

आता मिळालेल्या दोन मिनिटांत ती एकाच बेसमेंटबद्दल बोलली होती. आठ विद्यार्थी, एक वॉशरूम. बाहेर पडायला एकच जिना. खिडकी एवढीशी, त्यात रंगाने चिकटून बसलेली. आग लागली तर एकही जण बाहेर यायचा नाही. समोर कागद नव्हता, तरी ती कुठे अडली नाही. हॉल चिडीचूप झाला होता.

फ्रँकलिनला तेच खुपलं असावं.

"असं घर खरंच आहे?"

"आहे. मी आतून पाहिलंय."

"इथेच? मार्कहॅममध्ये?"

"हो."

"मग पत्ता द्या. उद्या सकाळी कॅमेरा घेऊन जातो. त्या मालकाला टीव्हीवर उभा करतो."

कादंबरीने समोरचा ग्लास उचलला. तिने पाण्याचा घोट घेतला.

"पत्ता बाहेर गेला तर ती मुलं रस्त्यावर येतील. त्यांना पीआर, इथे कायम राहायची परवानगी, मिळायची आहे, भांडण परवडणारं नाही. मी पत्ता सांगणार नाही."

"कारण पत्ता नाहीच! मॅडमनी घर मनात बांधलंय!"

मागच्या रांगेतून कुणीतरी हुर्यो उडवली. मग बऱ्याच जणांनी. "लायर!" अशी आरोळी आली. शेजारच्या उमेदवाराने हसू लपवायला तोंडावर हात धरला. कादंबरी ताठ बसून राहिली. फ्रँकलिनने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने फक्त नकारार्थी मान हलवली.

पार्किंगमध्ये रश्मी रडकुंडीला आली होती.

"ताई, नुसतं रस्त्याचं नाव तरी सांगायचं! संपलो आपण."

"मी शब्द मोडणार नाही," कादंबरी म्हणाली आणि गाडीत बसली.

पण संपलं नव्हतं. प्रेक्षकांतल्या कुणीतरी ती चाळीस सेकंदं फोनवर टिपली होती. ओरडणारा फ्रँकलिन आणि ओठ मिटून बसलेली बाई. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती क्लिप देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरपर्यंत पोहोचली. मुलांसाठी अपमान गिळणारी उमेदवार, असं एका मोठ्या वर्तमानपत्राने लिहिलं. ज्या वाहिन्या रश्मीचा फोन उचलत नव्हत्या, त्या आता तिला फोन करत होत्या. टेनंट्स फर्स्टच्या पार्टी लीडरने कादंबरीला जन्मात पहिल्यांदा मेसेज पाठवला.

दुपारी रश्मीने धापा टाकत बातमी दिली. "ताई, नव्या पोलमध्ये तुम्ही दुसऱ्या नंबरवर! आणि तो फ्रँकलिन पिसाळलाय. म्हणे, एकेक गल्ली पालथी घालेन, पण ते बेसमेंट शोधेन. शोधू दे की! सापडलं तर आपणच खरे ठरू."

"खरंच आहे," कादंबरी म्हणाली. "संध्याकाळच्या मुलाखतीला मी थेट येते. त्याआधी मला मुलांना भेटायचंय."

"मीही येते ना."

"नको. अनोळखी माणूस पाहून बुजतील ती."

एप्रिल उजाडला तरी कुंपणाच्या कडेला काळपट बर्फ साचलेलाच होता. कादंबरीने गाडी दोन घरं अलीकडे लावली आणि त्या घराच्या बाजूच्या दारावर टकटक केलं.

दार श्रावणीने उघडलं. मूळची सांगलीची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्यामागून जिना उतरून कादंबरी खाली आली. मुलं गाद्यांवर बसली होती, ती उठून उभी राहिली. निहारच्या हातातल्या फोनवर तीच क्लिप चालू होती. त्याने ती घाईघाईने बंद केली.



"तुम्ही पत्ता सांगितला नाहीत," श्रावणी म्हणाली.

"नाही सांगितला."

"आम्हीपण कुणाला काही बोललो नाही, मॅडम. शप्पथ."

"ठाऊक आहे मला. गुणी आहात तुम्ही." कादंबरीने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पण तो फ्रँकलिन आज ना उद्या इथवर येईल. तेव्हा उद्या सकाळपर्यंत माझं बेसमेंट रिकामं करा."