मोठी चाकं

शेवटचा नट आवळून मिस्त्री उठला, तेव्हा त्याच्या कमरेतून कळ गेली. गाडीवाल्याने पिकअप आधीच उंच करून घेतलेली. आज ही मोठी चाकं. काढलेली जुनी भिंतीशी लवंडली होती, कामाची पाळी संपलेल्या माणसांसारखी.

"रिकामी गाडी खोटं बोलते," तो म्हणाला. "वजन पडलं की कळेल चाक कुठे घासतं ते. काका, बसा बरं आत."

बाकावरून गाडीवाल्याचे वडील उठले. रोज कामावर जाता जाता मुलगा त्यांना दवाखान्याच्या फाटकाशी सोडायचा. आत त्याची आई होती, कितीतरी दिवसांपासून. फाटकाशी गाडी उभी करू देत नसत. मागच्या गाडीचा हॉर्न वाजायच्या आत म्हातारा खाली उतरलेला असायचा.

त्यांनी दाराशी पाय उचलला. पोचला नाही. हाताने गुडघा धरून पुन्हा उचलला.

"माडीवर बिऱ्हाड केलंस की रे!"

"काय करू, बाबा? साइटवर रोज चिखलात रुततोय. मुकादम म्हणाला, उद्या अडकलास तर येऊच नकोस." मुलगा थकल्या अंगाने खाली बसला. "या. मांडीवर पाय द्या."

वडिलांनी चप्पल काढली.

"असू द्या हो पायात!"

"धुतलेली पँट आहे तुझी."

खालून मुलाने रेटलं, वरून मिस्त्रीने ओढलं. म्हातारा सीटवर पोचला आणि बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला. मिस्त्रीने स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं, पार उजवीकडे फिरवलं. मुलगा चाकाशी कान देऊन बसला होता. कुठे घासलं नाही.

"बसली एकदम! घेऊन जा."

मुलगा उठला नाही. जमिनीवरच्या चपलेकडे बघत राहिला.

"बाबा, तिथे फाटकाशी... एवढ्यात कसे उतरणार तुम्ही?"

वडिलांनी काचेवरची धूळ बाहीने पुसली.

"उतरायचं कशाला? इतक्या उंचावरून भिंतीपलीकडची तिची खिडकी दिसेल," ते म्हणाले. "तू तेवढी गाडी जरा हळू घे."