ठकुबाईचं काम

राजगडाखालच्या माळावरचं गवत पिवळं पडलं, तरी चिमाजीनं कापायला घेतलं नव्हतं. शेवटी पुतण्या दत्ता म्हणाला, "तात्या, गवत देवाला सोडलंय व्हय? गुरं काय खातील?"

दरसाली बायको ठकुबाई काठी आपटत गवतातून पुढं चालायची. "उठा गं बायांनो, माझ्या धन्याला दिसत न्हाई!" असं ओरडत लावऱ्या आणि ससे हुसकायची, म्हणजे त्यांची पिल्लं विळ्याखाली यायची नाहीत. मागून चिमाजी हसत कापत यायचा. यंदा आषाढात ती वारली.

सकाळी तो तिची काठी घेऊन माळावर गेला. घसा खाकरून तिच्याच शब्दांत हाका घालत पार बांधापर्यंत चालला. लावऱ्या भुर्रकन उडाल्या. त्यानं मागं वळून पाहिलं. सगळं गवत उभंच होतं. विळा घरी राहिला होता.

दुपारी दत्ता आला. "हे काय? एक पेंढी बी न्हाई?"

"आज तिचं काम झालं. माझं उद्या बघू."

"उद्यापतूर पाखरं परत येऊन बसतील की, तात्या."

चिमाजी काठी टेकत उठला. "मग उद्या बी तिचंच करू."