खांदेमळण

पोळ्याच्या आदल्या दिवशी नर्स मंजुषा ‘कामाचा ताण’ या विषयाचं प्रशिक्षण उरकून परभणीहून वालूरला घरी आली, तेव्हा तिचे सासरे बन्सीधर दारातल्या बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळत होते.

“लय खुशीत दिसायलीस, पोरी!”

“मामा, आज पहिल्यांदा कुणीतरी आमचं दुखणं ओळखलं. तिथले सर म्हणले, काम डोईजड अन् आपल्या हाती काहीच न्हाई, असं असलं की माणूस झिजतं. कष्टाच्या मानानं कदर झाली न्हाई, तरी झिजतं. अन् सोबतीला कुणी असलं, तर तेच ओझं हलकं होतं. ह्याचे सिद्धांत हायेत म्हणे, तक्ते काढून दावले. शेवटी तर आमाला एकमेकींचे खांदे चोळायला लावले. मोठे साहेब समोर बसून माना डोलवत होते.”

“मंग आता काम कमी होईल की तुजं?”

“व्हायलाच पाहिजे. कळलंय ना त्यांना सगळं.”

तेवढ्यात मोबाइलवर साहेबांचा मेसेज आला: ‘आजच्या प्रशिक्षणामुळे आपली ताण सोसण्याची क्षमता वाढली आहे. सबब शेजारच्या उपकेंद्रातील रिक्त जागेचा कार्यभारही सोमवारपासून आपणच पाहावा.’

मेसेज पुन्हा वाचत मंजुषा पायरीवर बसली. खांद्यावर मैत्रिणीच्या हाताची ऊब अजून होती. बन्सीधरांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं.

 

उरलंसुरलं लोणी बैलाच्या मानेवर जिरवत ते त्याला म्हणत होते, “उद्याचा दिवस मिरवून घे, राजा. परवा जू हायच.”