एक चूक राहू दे

खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवले आणि दाराकडे हात केला. आज शुक्रवार, म्हणजे सोमवारी या. सोमवारी येऊन काय उपयोग? सोमवारी सकाळी आठला रहिवासी नोंदणीचं कार्ड घेऊन तिला कामावर हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. हात असा बसलेला की या परक्या देशातल्या प्रयोगशाळेने तिला बोलावून घेतलं होतं. येऊन नऊ दिवस झाले होते. नवरा आणि सहा वर्षांची लेक मागे राहिली होती. हिचं कार्ड झालं की मगच त्यांचे अर्ज पुढे सरकणार. लेकीने बाहुलीसकट बॅग भरून ठेवली होती आणि ती रोज फोनवर एकच विचारायची, "आई, आज झालं का?"

झालं कसलं डोंबल! घरमालकीण म्हणे, आधी बँकेतलं खातं दाखव, मग करारावर सही करते. बँक म्हणे, आधी नोंदणी दाखवा. आणि नोंदणीची खिडकी म्हणे, आधी सही झालेला करार आणा. तीन दिवस ती या तिघांभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत होती.

"आता कपाळ माझं," बाकावर टेकत ती पुटपुटली.

"परत या म्हणाला ना?" शेजारून चक्क मराठीत आवाज आला. "जायचं नाही. इथंच बसा."

पासष्टीचे एक काका होते. काल-परवाही तिने त्यांना याच बाकावर पाहिलं होतं, मांडीवर कापडी पिशवी घेऊन अगदी घरच्यासारखे बसलेले. सवयीने तिने आधी त्यांचे दात पाहिले. कवळी नवी होती आणि काम आपल्याकडचं, जरा ठोकळेबाज. तिने मनाशी ठरवून टाकलं की काका इथे चांगले मुरलेले आहेत, दात तेवढे स्वस्तात करायला मायदेशी जातात.

काकांनी तिच्याकडून एकेक कागद काय आहे ते वदवून घेतलं. शाळेत तोंडी परीक्षा घेतात तसं. मग म्हणाले, अर्ज दिल्याची पोच मागा आणि पोचेवर शिक्का मागा, शिक्क्याला जगात कुणी नाही म्हणत नाही. ती उठून पहिल्या रिकाम्या खिडकीकडे निघाली तशी त्यांनी तिला थांबवलं. तिथला माणूस घड्याळाकडे बघतोय, त्याच्याकडे जाऊ नका. ती पलीकडची बाई नुकतीच खाऊन आलीय, तिच्याकडे जा. आणि खरंच, पलीकडच्या बाईने हसून शिक्का मारला.

बँक रस्त्यापलीकडे होती. काकाही आले, पण आत गेल्यावर त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. संध्याकाळच्या वर्गात वर्षभर शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत तीच झुंजत राहिली. तिला क्षणभर रागच आला. मग वाटलं, पोहायला शिकवणाराही पाण्यात ढकलून काठावरच उभा राहतो की. बँकवाल्याने पोच उलटीपालटी केली, गोल शिक्का पाहिला आणि उसासा टाकून खातं उघडलं.

घरमालकिणीचं फुलांचं दुकान दोन गल्ल्या पुढे होतं. तिने बँकेचा कागद वाचला आणि ओल्या देठांच्या पसाऱ्यातच करारावर सही केली. वाटेत काका सतत तिच्या अर्धं पाऊल मागे चालत होते. जुन्या वळणाची माणसं, ती मनात म्हणाली.

परत आले तेव्हा खिडकी बंद व्हायला पाऊण तास उरला होता. काकांनी कागद नीट लावायला सांगितले, ज्या क्रमाने मागतात त्याच क्रमाने. अर्ज पुरा भरायचा, फक्त सहीखालची तारीख सोडायची. तिने तरी पेन तारखेच्या चौकोनाकडे नेलं.

"एक चूक राहू दे, पोरी," काका आता हक्काने बोलत होते. "चूक सापडली नाही की खिडकीतल्या माणसाला चैन पडत नाही. मग तो खोल खणायला लागतो. एक सापडली की त्याचं पोट भरतं."

तोच सकाळचा माणूस होता. एकेक पान उलटताना त्याचे ओठ आवळत गेले. शेवटच्या पानावर बोट थांबलं आणि चेहरा कसा खुलला! त्याने रिकामा चौकोन दाखवला, तिने माफी मागत तारीख घातली, आणि दहा मिनिटांत कार्ड तिच्या हातात पडलं.

तिने तिथूनच घरी फोन लावला. लेक अशी किंचाळली की अख्ख्या कचेरीने माना वळवल्या. तिला रडूही येत होतं आणि हसूही. बाकाकडे धावत जाऊन तिने काकांचे दोन्ही हात धरले. हे उपकार कुठे फेडू, म्हणाली, आणि तुम्हाला या देशात वर्षं तरी किती झाली?

काकांनी पिशवीतून एक फाइल काढली. तोच अर्ज होता, अगदी कोरा.

"याच सोमवारी आलो, मुलाकडे. त्याला रजा नाही आणि मला इथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. आपलं बोलणारं कुणी भेटतंय का, बघत बसलो होतो. आता माझा एवढा भरून दे."

तिने फाइल हातात घेतली. मग हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, तिने विचारलं.

काका थोडे ओशाळले. "छत्तीस वर्षं मी अशाच एका खिडकीच्या आत बसून लोकांना परत पाठवत होतो."