गुळगुळीत कावळा

चौथ्यांदा काढलेला कावळाही साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला, तेव्हा तिने पेन टेबलावर आपटलं आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"ताबडतोब ये. नाहीतर हा कॉम्प्युटर खिडकीतून खाली जाईल."

भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो पोचेपर्यंत ताईचा पारा काही उतरला नव्हता. चित्रं काढायचं तिचं सॉफ्टवेअर गेल्या महिन्यात नवं झालं होतं आणि तेव्हापासून त्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. सवयीची बटणं कुठल्या कुठे गेली होती. रंग घ्यायला जावं, तर ते आगाऊपणे स्वतःच रंग सुचवायचं. वर्तुळ अर्धं काढलं की उरलेलं पुरं करून मोकळं व्हायचं. हे सगळं तिने दातओठ खाऊन सोसलं. पण रेघ? तिच्या खरखरीत, जिवंत रेघेसाठीच मुलं तिची पुस्तकं उघडायची. आता ती रेघ दिवसेंदिवस इस्त्री केल्यासारखी होत चालली होती. सकाळीच संपादकबाईंनी विचारलं होतं, "हे नक्की तुम्हीच काढलंय ना?" ते तिला फार लागलं होतं.

"मी काढते एक आणि हे दाखवतं दुसरंच," ती म्हणाली. "वीस वर्षं चित्रं काढतेय मी, आणि हे मला शिकवणार. बंद कर ते."

भावाने बराच वेळ शोधाशोध केली. शेवटी कुठल्याशा कोपऱ्यात दडलेली, रेघ गुळगुळीत करणारी ती सोय त्याला सापडली. त्याने ती बंद केली.

"हं, काढ आता."

ताई सरसावून बसली. तिने कावळ्याची पाठ ओढली. पडद्यावर बारीक, कापरी रेघ उमटली. तिने पुन्हा ओढली. पुन्हा तशीच.

"आता पेनही बिघडलं," ती वैतागून म्हणाली. "तूच बघ."

भावाने पेन घेतलं. चित्रकलेशी त्याचं शाळेपासून वाकडं. पण त्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ गेली.

ताई दोन्ही रेघा आळीपाळीने बघत राहिली.

मग पडद्यावरची नजर न काढता भाऊ जपून बोलला. "ताई, ही नवीन सोय आहे ना, ती हात बघून चालते. हात जितका थरथरेल, तितकी रेघ आपोआप जास्त सरळ करते. तुझ्यासाठी ती रोज थोडी थोडी वाढवत गेलीय."

ताईने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. महिनाभराचा वैताग एकदम कुठे गेला, तिलाच कळेना.

"परत चालू करून देऊ?" भावाने हळूच विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने ती कापरी रेघ पुसायला पेन पुढे नेलं, तशी ती म्हणाली, "राहू दे ती. डॉक्टरांना दाखवावी लागेल."