दहावी चूल

या, जरा जवळ सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं या. आजचं आख्यान पुराणातलं नाही. आपल्याच पनवेलच्या डोंगरातलं आहे आणि एका कारकुनाचं आहे. त्यात देव कुठं उभा होता, ते ऐकता ऐकता तुमचं तुम्हालाच कळेल.

तर हा कारकून, एफ्राइम, वैतागून दगडावर बसला होता. प्रबळगडाच्या अंगाची वरची वाडी, चैत्रातलं ऊन, आणि ही त्याची तिसरी खेप. पहिल्या खेपेला सगळी वाडी रानात कामाला गेलेली. दुसऱ्या खेपेला देवी टोचणारा आला असं समजून माणसं झाडीत पळाली. आज माणसं सापडली, तर कागदच धड नव्हता.

कचेरीतून मिळालेल्या त्या छापील कागदावर मथळा होता : डोंगरपट्टीतील वस्ती राहण्याजोगी व परवडण्याजोगी आहे काय? खाली प्रश्नांची रांग. घरभाडे किती, असं त्याने विचारलं तेव्हा वाडीचा म्होरक्या काळूराम म्हणाला, "भाडं कोनाला देऊ सायब, डोंगराला?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाजार? हाय. तो पनवेलला, चार तासांच्या चालीवर. दवाखाना? हाय की. तोही पनवेललाच. पाणी? हाय. ते कडा उतरून पायथ्याच्या डबक्यात. इथं राहणं परवडतं का, यावर ठमाबाई नावाच्या म्हातारीने त्यालाच उलट विचारलं, की खाली परवडंल का ते तुमी सांगा. एफ्राइमने तो रकाना कोराच सोडला.

सगळा निकाल शेवटच्या ओळीवर होता. पेटत्या चुली दहा भरल्या तर वस्ती राहण्याजोगी, मग सरकार वर विहीर खणून देणार. एक जरी कमी पडली तर वाडी उठवून खाडीकडच्या सपाटीला नेऊन बसवणार. वाडीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर विचारेल त्याला हाय.

एफ्राइमने दोनदा मोजलं. नऊ.

या नऊ आकड्याने त्याच्या डोक्यात तिडीक जायची. तो बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला यहुदी. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही. पनवेलमधली बरीच घरं इस्राएलला निघून गेल्यापासून शनिवारी कसेबसे नऊ जमत. प्रार्थना चालवणारे म्हातारे एलिजा दारात उभे राहून रस्त्याकडे बघत. येतोय, दहावा येतोय, म्हणत. मग हळूच आत येऊन पुस्तक मिटत.

"दहावी हाय," ठमाबाई म्हणाली आणि त्याला वाडीच्या टोकाच्या झोपडीत घेऊन गेली.

चूल खरंच पेटलेली होती. मडक्यात आधण ठेवलेलं. भुई ताजी सारवलेली. माणूस मात्र एकही नाही. कुणाचं घर, तर सुनेचं. हौसाचं. लेकाने लग्नानंतर वेगळी चूल मांडली, लेक तापाने गेला, सून तिथंच राहिली. आणि आता ती कुठं आहे?

पाण्याला गेलीय.

चुलीचा धनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय चूल मोजायची नाही, अशी ताकीद होती. एफ्राइम उंबऱ्यावर बसला. त्यात शुक्रवार. दिवे लागायच्या आत घर गाठायचं होतं. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू होतो; बायको जोकबेद त्याची तयारी करून दाराकडे बघत राहणार. बुटाने टाच सोललेली. ऊन कललं, तरी वाटेवर कुणी दिसेना. ठमाबाई अधूनमधून काटकी सारत होती. काळूराम जमिनीकडे बघत होता. एफ्राइमचा धीर सुटला.

"आजी, तुमची सून पाण्याला गेलीय की मुंबईला?"

कुणी हसलं नाही. तेव्हा त्याने जरा चाचरतच विचारलं, की ती गेली तरी कधी.

"दोन शिमगे झालं, सायब. डोईवर हंडे होतं. कड्यावर पाय सुटला." ठमाबाईने चुलीत फुंकर घातली आणि मग त्याच्याकडे तोंड केलं. "मी खोटं नाय बोलले. पाण्यालाच गेली. तिची चूल तेवडी मी इजू दिली नाय."

एफ्राइमचा राग जागच्या जागी राहिला, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. कागदावर पाण्याच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात 'आहे' लिहिलेलं होतं. मोशे पैगंबराने तहानलेल्या लोकांसाठी खडकातून पाणी काढल्याचं कीर्तन तो आपल्या आळीत लहानपणापासून ऐकत आला होता. त्या आख्यानात पाणी वेळेवर आलं होतं.

त्याने टाक काढला. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं : चूल दहावी. धनी, हौसा. शेरा, पाणी आणण्यास गेली आहे.

सोमवारी कचेरीत अव्वल कारकून कमळाकररावांनी ती ओळ वाचली. येईल की तिन्हीसांजेपर्यंत, असं पुटपुटले आणि दहाच्या आकड्याखाली सही ठोकून मोकळे झाले.

पुढल्या वर्षी विहिरीला पाणी लागलं. मंडळी, कधी त्या वाटेने गेलात तर वाडी तुम्हाला पाणी विचारेल. नको म्हणू नका. फक्त तांब्या तोंडाला लावण्याआधी हौसाची आठवण काढा. ती अजून पाण्यालाच गेलेली आहे.